बोडीत बुडवायला कॅमेरा कोणता घ्यावा?

"कॅमेरा पान्यात कायले बुडवता जी, मास्तर? मच्छी पाहाची तं जाळ्यात पाहा ना!"

आमच्या तलावाच्या पाळीवर जाळं सुकवत बसलेल्या ढिवर काकांनी पहिल्याच दिवशी हा प्रश्न टाकला होता. उत्तर देण्याऐवजी मी त्यांना कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एक फोटो दाखवला. कमळाच्या देठाला चिकटलेली गोगलगाईची अंडी होती त्यात. काकांनी तो पडदा डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे आमच्याच तलावातलं होय?"

तेव्हापासून आमच्या भंडारा जिल्ह्यातले साकोली-लाखनीकडचे बरेच जण विचारतात की असा कॅमेरा कोणता घ्यावा. इंटरनेटवर सल्ले भरपूर आहेत, पण ते सगळे निळ्या समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी लिहिलेले. आपल्याकडे मामा तलाव, बोड्या म्हणजे छोटी तळी, विहिरी आणि हिवाळ्यात संथ झालेले नाल्याचे डोह. (मामा म्हणजे 'माजी मालगुजारी', जुन्या जमीनदारांच्या काळातले. पाहुण्यांना हे सांगावं लागतं, नाहीतर ते कोणाचे मामा म्हणून विचारत बसतात.) या पाण्याचा स्वभाव वेगळा, म्हणून कॅमेऱ्याची निवडही वेगळी. मी ज्या क्रमाने शिकलो, आणि जिथे पैसे घालवून शिकलो, त्याच क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: दुकानात नाही, पाळीवर जा

आधी पाणी मोजायचं. लग्नाच्या पंगतीत असते तशी पांढरी मेलामाइनची ताटली घ्या. मधोमध भोक पाडून सुतळी ओवा, खाली वजनाला दगड बांधा आणि सुतळीला दर अर्ध्या फुटावर गाठ मारा. सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान डोंग्यातून किंवा पाळीच्या सावलीच्या बाजूने ती हळूहळू पाण्यात सोडा. ताटली दिसेनाशी झाली की गाठी मोजा. ही युक्ती माझी नाही. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याचा नितळपणा मोजला होता, आणि तलावांचा अभ्यास करणारे आजही 'सेकी डिस्क' म्हणून तेच वापरतात.

माझ्या गावच्या तलावात सप्टेंबरमध्ये ताटली वीतभरावर गडप होते. धान कापणीनंतर गाळ बसतो, आणि डिसेंबरात ती चार फुटांपर्यंत दिसते. मार्चनंतर पाणी आटतं, तापतं, हिरवं होतं, की पुन्हा दीड फूट. तुमच्या तलावाचे आकडे वेगळे येतील. म्हणून दोन-तीन महिने आकडे वहीत लिहा आणि मगच खिशात हात घाला.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का? कॅमेरा आणि मासा यांच्यामधलं पाणी म्हणजे धुकं. जितकं अंतर जास्त तितकं धुकं दाट. अनुभवाचा ठोकताळा असा की जितक्या अंतरावरचं दिसतं, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतक्या जवळून काढलेला फोटोच स्वच्छ येतो. ताटली चार फुटांवर दिसेनाशी झाली, तर तुमचा फोटो फूटभर अंतरावरून, त्याहून जवळ गेलात तर उत्तमच. कितीही महागडा कॅमेरा आणला तरी मधलं पाणी तो पुसून काढत नाही.

म्हणून आपल्याकडच्या माणसाने कॅमेऱ्याच्या खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे 'इतके मीटर खोल', शेवटी वाचावा. पहिल्यांदा बघायचं ते हे, की कॅमेरा किती जवळचं टिपतो.

दुसरी पायरी: काय टिपायचं ते ठरवा

झिंगे, गोगलगायी, पाणकिड्यांच्या अळ्या, शिंगाड्याची मुळं, देवधानाचे, म्हणजे रानभाताचे, बुडखे हे सगळं बोटाएवढं जग आहे. त्याला जवळून टिपणारी लेन्स लागते. मरळीची पिल्लं आईभोवती घोळक्याने फिरताना दाखवायची असतील तर व्हिडिओ बरा आणि लेन्स रुंद हवी. आणि पोरं तलावात उड्या मारतात तेवढंच हवं असेल, तर खरं सांगतो, नवा कॅमेरा घेऊ नका. पुढचं वाचा.

तिसरी पायरी: हातातला फोन तपासून घ्या, पण भुलू नका

"माझा फोन वॉटरप्रूफ आहे" असं छातीठोक सांगणारे चार जण तरी प्रत्येक गावात असतात. फोनवर आयपी६७ लिहिलं असेल तर अर्थ एवढाच की प्रयोगशाळेत एक मीटर स्वच्छ पाण्यात तो अर्धा तास टिकला. आयपी६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी स्वतः सांगते. बऱ्याच फोनना दीड मीटर, काही आयफोनना सहा मीटर, आणि तेही साधारण अर्ध्या तासासाठी. फोन एकदा हातातून पडला, पडद्याला केसाएवढी चीर गेली, की तो आकडा संपला. पाण्याने झालेला बिघाड साध्या वॉरंटीत बहुधा बसतही नाही. त्यातच पाण्याखाली टचस्क्रीन बहकतो. पाण्यालाच तो बोट समजतो.

प्लास्टिकची पारदर्शक पिशवी, म्हणजे पाऊच, मिळते. तीन-चारशे रुपयांत गुडघाभर पाण्यात सराव करायला ती ठीक आहे. आधी आत टिश्यू पेपर घालून अर्धा तास बादलीत दाबून ठेवा. कागद कोरडा निघाला तरच फोन घाला. सुरुवात इथून करणाऱ्याला मी नाही म्हणणार नाही. चार रविवार पाऊचमधून फोटो काढलेत की आपल्याला याची खरंच हौस आहे का, ते कळतं.

चौथी पायरी: तीन जाती ओळखा

बाजारात पाण्याखालचे छोटे कॅमेरे ढोबळपणे तीन प्रकारचे.

एक, मुळातच जलरोधक बांधणीचे कॉम्पॅक्ट कॅमेरे. यांची लेन्स बाहेर येत नाही. झूम आतल्या आत होतं आणि पुढे सपाट काच असते. यातला सध्या सगळ्यात चर्चेतला म्हणजे ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७, २०२३ साली आलेला. त्याआधीचा टीजी-६ ऑलिंपस नावाने २०१९ मध्ये आला होता. दोन्ही १५ मीटरपर्यंत कोणत्याही कवचाशिवाय चालतात. दोन्हींत १२ मेगापिक्सेल, एफ२ ची (कमी उजेडातही चालणारी) लेन्स, रॉ फाइलची (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फोटोची) सोय. आणि आपल्या कामाचं म्हणजे मायक्रोस्कोप मोड. लेन्सच्या काचेपासून एक सेंटीमीटरवरची वस्तूही त्यात टिपता येते. वीतभर दृश्यमानतेच्या पाण्यात हे एक सेंटीमीटर लाखमोलाचं. रिकोच्या डब्ल्यूजी-६ मध्येही एक सेंटीमीटरचा मॅक्रो (अगदी जवळून टिपण्याची सोय) आहे, शिवाय लेन्सभोवती सहा बारीक एलईडी दिवे आहेत. तो २० मीटरचा. पुढचा डब्ल्यूजी-८ पेंटॅक्स नावाने आला.

दोन, ॲक्शन कॅमेरे. गोप्रो हीरो ब्लॅक कवचाशिवाय १० मीटर, डीजेआयचा ओस्मो ॲक्शन ४ हा १८ मीटर. आगपेटीपेक्षा थोडे मोठे, व्हिडिओ झकास, बांबूला बांधायला सोपे. पण यांतल्या बहुतेकांचा फोकस पक्का बसवलेला असतो. फूटभरापेक्षा जवळची वस्तू धूसर येते. वरून जोडायच्या मॅक्रो लेन्स मिळतात, पण तो वेगळा खर्च. चार फूट स्वच्छ पाणी असेल तर ॲक्शन कॅमेरा छान चालतो. दीड फुटाच्या हिरव्या पाण्यात हिरवा पडदा तेवढा दिसेल.

तीन, चांगला खिशातला कॅमेरा आणि त्याला बाहेरून कडक कवच, म्हणजे हाउसिंग. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेसारख्या कॅमेऱ्यांत एक इंची सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी मोठी चकती, असतो. फोटो नक्कीच सरस येतो. पण कवचाची किंमत कधीकधी कॅमेऱ्याच्या जवळ जाते, कॅमेरा बदलला की कवच बिनकामाचं होतं, आणि पाणी अडवणारी एक रबरी सील चुकली की आतला साधा कॅमेरा गेलाच. ज्याला पुढे अंदमानला जाऊन खोल बुड्या मारायच्या आहेत त्याने हा विचार करावा. बोडीसाठी हे म्हणजे उंदरासाठी तोफ.

तुमच्या पाण्यात ताटली दोन फुटांच्या आत गडप होत असेल तर पहिली जात घ्या. त्याहून नितळ असेल आणि व्हिडिओच हवा असेल तर दुसरी. तिसरी जात गावच्या तलावासाठी घेतलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

पाचवी पायरी: खोक्यावरचे आकडे वाचायचे कसे

*खोली.* दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. आपला मामा तलाव भरला तरी पाळीजवळ दहा-पंधरा फूट. म्हणजे पाच मीटरच्या आतला मामला. १५ मीटरच्या कॅमेऱ्याऐवजी ३० मीटरचा घेतला म्हणून तलावात काही जास्त दिसणार नाही. मात्र कॅमेरा हातात घेऊन पाळीवरून उडी मारू नका. आपटताना क्षणभर पडणारा दाब वेगळाच असतो.

*मेगापिक्सेल.* ए४ आकाराची सुबक छपाई करायला नऊच्या आसपास मेगापिक्सेल पुरतात. शाळेच्या फलकासाठी, ग्रामसभेत दाखवायला, जैवविविधता नोंदवहीत लावायला बारा भरपूर झाले.

*लेन्सची रुंदी.* याकडे फार कमी लोक बघतात. सपाट काचेतून पाण्यात पाहिलं की वस्तू सुमारे पाव हिश्श्याने जवळ आल्यासारखी वाटते, आणि चौकट तेवढी आक्रसते. जमिनीवर २५ मिमीची लेन्स पाण्यात ३३ मिमीसारखी वागते (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद). म्हणून घेताना जितकी रुंद मिळेल तितकी बरी. झूम कितीपट आहे ते विसरा. पाण्यात झूम करणं म्हणजे मधलं धुकं मोठं करून पाहणं.

*फ्लॅश.* लेन्सच्या शेजारीच बसवलेला फ्लॅश गाळाचे कण पेटवतो. फोटोत हिमवर्षाव झाल्यासारखे पांढरे ठिपके येतात. भंडारा जिल्ह्यात बर्फ पडलेला पाहायचा असेल तर फ्लॅश चालू ठेवा. नाहीतर तो बंद करून छोटा जलरोधक टॉर्च बाजूने, तिरका धरा. तेव्हा कॅमेरा घेताना फ्लॅश पूर्ण बंद करता येतो का, आणि कमी उजेडात चालेल अशी लेन्स आहे का (एफचा आकडा जितका लहान तितका उत्तम), हे पाहा.

*रंग.* समुद्रात पहिल्या काही मीटरांतच लाल रंग नाहीसा होतो. आपल्या तलावात शेवाळ आणि कुजलेल्या पाल्यामुळे निळाही लवकर मरतो आणि सगळं हिरवट-पिवळं दिसतं. दुकानदार 'अंडरवॉटर मोड' कौतुकाने दाखवतात, पण तो निळ्या समुद्राच्या हिशेबाने बसवलेला असतो. आपल्याला लागतो तो हाताने लावायचा व्हाइट बॅलन्स. पाण्याखाली तीच पंगतीची पांढरी ताटली धरायची आणि कॅमेऱ्याला सांगायचं की हे पांढरं. ही सोय मेन्यूत आहे का, ते दुकानातच उघडून बघा. रॉ फाइल मिळत असेल तर घरी रंग सुधारायला आणखी वाव राहतो.

*बटणं.* ओल्या, सुरकुतलेल्या, गारठलेल्या बोटांनी दाबता येतील अशी हवीत. दुकानात डोळे मिटून दाबून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

*इंटरव्हल शूटिंग.* दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढण्याची सोय. ती का लागते ते पुढे येईल, पण नसेल तर तो कॅमेरा मी घेणार नाही.

सहावी पायरी: जुना घ्यायचा असेल तर

निकॉनचा डब्ल्यू३०० (३० मीटर), फुजीफिल्मचा एक्सपी१४० (२५ मीटर), पॅनासॉनिकचा एफटी७ (३१ मीटर) हे चांगले कॅमेरे होते. आता त्यांचं उत्पादन बंद आहे, त्यामुळे ते जुन्या बाजारातच दिसतील. जुन्या जलरोधक कॅमेऱ्यात सगळ्यात म्हातारी गोष्ट म्हणजे रबरी सील. ती वाळते, चपटी होते, भेगाळते. ऑलिंपससारखी कंपनी तर दर वर्षी सील बदलून घ्या असं सांगत आली आहे. बॅटरीचं झाकण उघडून नखाने हळूच दाबून बघा. रबर उसळी मारून परत येत नसेल तर नमस्कार करून निघा. बॅटरी-कार्ड काढून आत टिश्यूचा तुकडा ठेवा, झाकण लावा आणि बादलीत तासभर बुडवा. एवढ्याने फक्त झाकणाची परीक्षा होते. बटणांच्या आणि काचेच्या कडांची खात्री त्यातून मिळत नाही. कॅमेरा खाली पडलेला असेल, कोपऱ्यावर पोचा असेल, तर तो पावसात वापरायचा कॅमेरा समजून त्याच भावात घ्यावा.

सातवी पायरी: धानाचा कोंडा, कूलर आणि मे महिना

माझा पहिला कॅमेरा कसा मेला ते सांगतो. नोव्हेंबर होता, खळ्यावर मळणी चालू. मी तिथेच बसून बॅटरी बदलली, झाकण लावलं, क्लिक आवाज आला. तलावात पाच मिनिटांत पडदा काळा झाला. उघडून पाहिलं तर सीलवर धानाच्या कोंड्याचं एक कूस आडवं बसलेलं. तांदळाच्या दाण्याहून बारीक. दोष कोणाचा म्हणाल तर माझाच. बायको त्या कॅमेऱ्याला अजून 'शहीद' म्हणते.

तेव्हापासूनचा नियम असा. झाकण आदल्या रात्री घरात उघडायचं. हात धुवून कोरडे करायचे. सील आणि तिची खाच टॉर्चच्या उजेडात पाहायची, बिनतंतूच्या मऊ कापडाने पुसायची, मगच बंद करायची. तलावावर झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. बॅटरी संपली तर घरी चला.

कूलर चालू असलेल्या खोलीत झाकण उघडू नका. विदर्भाबाहेरचा कोणी हे सांगणार नाही. वाळ्याचा कूलर हवा गार करतो ती ओली करूनच. ती ओली हवा कॅमेऱ्यात कोंडली, आणि कॅमेरा थंड पाण्यात गेला, की काचेच्या आतून धुकं धरतं. बाहेरून कितीही पुसा. उन्हाळ्यात कूलर बंद करून, दारं उघडून, कोरड्या हवेत बॅटरी बदला. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी असलेल्या घट्ट डब्यात कॅमेरा रात्रभर ठेवून मग. भिजला तर तांदळात पुरून ठेवा असा सल्ला आपल्या धानपट्ट्यात हमखास मिळतो. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, वर त्याचा भुगा खाचांत शिरतो. तांदूळ खायला ठेवा.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि बहुतेक कॅमेरे चाळीस अंशांपर्यंतच चालवायला बनवलेले असतात. गाडीच्या डिकीत तापलेला कॅमेरा थेट विहिरीच्या गार पाण्यात सोडला तर आतली हवा आक्रसते, आणि सील कमजोर असेल तर ती पाणी आत ओढते. ओल्या पंच्यात गुंडाळून सावलीत पंधरा मिनिटं ठेवा, मग सोडा.

आठवी पायरी: बांबू

तलावाचा तळ म्हणजे गुडघाभर चिखल. पाय ठेवला की ताटलीचा सगळा हिशेब संपला, पाणी गढूळ. शिवाय कमळाच्या आणि शिंगाड्याच्या वेलींत पाय अडकून पट्टीचे पोहणारे बुडालेत. म्हणून स्वतः उतरू नका, कॅमेरा उतरवा. सात-आठ फुटांचा सरळ बांबू, टोकाला स्क्रू बसवून कॅमेरा, आणि मनगटाला वेगळी नायलॉनची दोरी. दोरी बांबूला नाही, कॅमेऱ्याला बांधा. काठावरून किंवा डोंग्यातून हळूच सोडा आणि हलवू नका. पहिली दहा मिनिटं काही येत नाही. मग चुकार मासळी येते, काचेला तोंड लावून बघते.

इथे नवखे फसतात. फोनवर कॅमेऱ्याचं चित्र दिसेल असं ॲप असतं, म्हणून ते निश्चिंत असतात. पाण्याखाली वायफाय वीतभरही जात नाही. कॅमेरा बुडाला की संपर्क तुटला. म्हणूनच इंटरव्हल शूटिंग हवं. दर दहा सेकंदाला एक फोटो म्हणजे अर्ध्या तासात एकशे ऐंशी. त्यातले चार चांगले निघाले की मी खूश असतो.

विहिरीतही कॅमेरा दोरीनेच सोडा. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत खाली विषारी वायू साचलेला असतो, आणि दरवर्षी त्यात माणसं जातात. पडलेला कॅमेरा काढायला खाली उतरणं तर अजिबात नाही.

कुठे बुडवायचा, कुठे नाही

बहुतेक मामा तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात. आधी संस्थेच्या माणसांना भेटा. कोणत्या महिन्यात कुठे बीज सोडलंय, तुडूमाजवळ (पाणी सोडायच्या दाराजवळ) ओढ किती आहे, सलंगाच्या (सांडव्याच्या) बाजूला कोणती मासळी चढते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. धानावर फवारणी झाल्यावर पहिल्या पावसाचं पाणी जिथे उतरतं तिथे हात घालू नका. बेशरम नावाच्या झुडपांच्या जाळीत साप असतात. नवेगाव बांधसारखे तलाव संरक्षित क्षेत्रात येतात. तिथे वन विभागाची परवानगी घेतल्याशिवाय बांबूसुद्धा टेकवायचा नाही. ताडोबाच्या तलावात मगरी आहेत, एवढं सांगितलं की पुरे. आणि लोणारला जाऊन उत्साहाने कॅमेरा बुडवायचा बेत असेल तर तोही सोडा. ते अभयारण्य आहे, आणि पाणी इतकं खारं-अल्कधर्मी की सील आणि धातू दोघांचीही वाट लागेल.

मालवण-तारकर्लीला सहलीला गेलात तर तोच कॅमेरा तिथेही चालेल. फक्त समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि आतच बटणं दाबून घ्या, म्हणजे मीठ सुटतं. आपल्या तलावातून आल्यावरही धुवायचाच. मीठ नाही, पण गाळ असतो, आणि तो वाळला की झाकणाच्या कडेला सिमेंटसारखा बसतो. पूर्ण वाळल्याशिवाय झाकण उघडू नका. मी सावलीत, पंच्यावर पालथा घालून रात्रभर ठेवतो आणि फोटो सकाळी पाहतो. काका मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच दारात येऊन उभे असतात, "आलं का जी काही?" म्हणून.